अंगातली शेगडी

बर्फात कापलेल्या चौकोनी भोकातून उत्पला खोब्रागडे बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यांवरून वाफ निघत होती. सरोवर पूर्ण गोठलेलं होतं. वारा समोरच्या डोंगरावरून सरळ खाली उतरत होता, आणि काठावरचे सगळे जॅकेटवर जॅकेट चढवून उभे होते. उत्पला ओल्या कपड्यांतच बर्फावर गुडघे टेकून बसली. कुणीतरी तिच्यासमोर दोराचा गुंता टाकला.

"गाठ," स्तान्झिन म्हणाली.

स्तान्झिन आंगमो ही मोहिमेची प्रमुख. इथलीच, लडाखची. कमी बोलायची आणि तिला फसवणं अवघड होतं. उत्पलानं गुंता सोडवला, दोर दुहेरी केला, गाठ मारली आणि खेचून दाखवली. हातात मोजे नव्हते, तरी बोटं गुलाबीच होती.

"पेटली शेगडी," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

ध्रुवावर माणूस मरतो तो बहुतेक बोटांमुळे. बोटं बधिर झाली की तंबूची चेन लागत नाही, स्टोव्ह पेटत नाही, गाठ सुटत नाही. अंगात ताकद असते, पोटात अन्न असतं, आणि तरी माणूस स्वतःच्या सामानाशेजारी गोठून जातो. पाच जणांची ही तुकडी अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात, सूर्य न उगवणाऱ्या महिन्यांत, किनाऱ्यापासून ध्रुवापर्यंत स्लेज ओढत जाणार होती. बर्फाच्या पोटातलं पाणी हिवाळ्यात कुठं सरकतं, याची मोजमापं कुणाकडेच नव्हती. त्या थंडीत विमानं उतरत नाहीत, गाड्यांचं तेल घट्ट होतं, यंत्रमानवांच्या बॅटऱ्या मरतात. राहतो माणूस. त्यालाच जरा बदलून घ्यायचं असं ठरलं होतं.

बदलायचं काम डॉ. मंजिरी शेजवलकरांचं. पुण्यातल्या आपल्या प्रयोगशाळेत त्यांनी उत्पलाला पहिल्याच भेटीत समजावलं होतं, "आपल्या अंगात चरबी दोन प्रकारची असते. पांढरी म्हणजे कोठार आणि तपकिरी म्हणजे चूल. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही, म्हणून त्याच्या मानेशी आणि पाठीत तपकिरी चरबी भरपूर असते. मोठेपणी ती बहुतेक विझते."

"आणि तुम्ही ती पुन्हा पेटवणार?"

"नवी घालणार. तुझ्याच कमरेची थोडी पांढरी चरबी काढायची, तिच्या पेशींतली जनुकांची बटणं बदलून त्यांना तपकिरी करायचं आणि पाठीत परत टोचायचं. साध्या पेशीत अन्न जळतं तेव्हा मिळालेली शक्ती कामासाठी बांध घालून साठवली जाते. तपकिरी पेशीत एक प्रथिन त्या बांधाला भोक पाडतं, आणि सगळी शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते."

"पेटवतं कोण तिला?"

"थंडी. त्वचेला गारवा लागला की मज्जातंतू एक रसायन सोडतात. ते पोचलं की चूल सुरू. ऊब मिळाली की बंद."

पाचही जणांनी ते करून घेतलं. बाकीच्या चौघांत चूल बेताची पेटली. उत्पलाच्या अंगात मात्र ती अशी रुजली की डॉक्टरही चकित झाल्या. थंड खोलीतल्या चाचण्यांत तिच्या जवळपास कुणी पोचत नव्हतं. स्तान्झिननं सगळ्या मार्गाची आखणीच तिला धरून केली. तंबू उभारणार ती, मोजमापाची यंत्रं बर्फात बसवणार ती, कुणाचे हात गोठले तर ते काखेत धरून जागे करणार तीच.

आणि ही मुलगी होती चंद्रपूरची, जिथं उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं.

ताडोब्याच्या जंगलात ती वनरक्षक होती. भर वैशाखात पाणवठ्यामागून पाणवठे पायी तपासत हिंडायची. वडील, गोवर्धन खोब्रागडे, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. घरात वडील आणि धाकटी बहीण संघमित्रा, घरात सगळ्यांची मित्रा, मुलींच्या शाळेत शिकवणारी. मोहिमेसाठी माणसं घेताहेत हे कळलं तेव्हा गोवर्धननीच कुठूनसं ट्रकचं जुनं टायर पैदा केलं, त्याला दोर बांधला आणि तिच्या कमरेला पट्टा घातला. रोज उन्हं वर यायच्या आत ती बायपासवरून ते टायर ओढत निघायची आणि मागून सायकलवर वडील.

"काय गोवर्धनभाऊ, पोरीले गाडीले जुंपली काय?" चहावाला ओरडायचा.

"दक्षिण ध्रुवावर चालली ते. तू चालतं काय?"

लोक हसायचे. गोवर्धनही हसायचे, मग खोकायचे. खाणीतल्या सगळ्यांनाच तो खोकला होता, म्हणून घरात त्याची चर्चा होत नसे.

उपचारानंतर उत्पला पहिल्यांदा घरी आली ती चौदा एप्रिलला. जयंतीची मिरवणूक तिनं लहानपणापासून चुकवली नव्हती. संध्याकाळ होती, पण रस्ता अजून भाजत होता. ढोल वाजत होते, निळे झेंडे हलत होते, मित्रा मैत्रिणींबरोबर लेझीम खेळत होती. वडिलांनी हात धरून उत्पलाला ओढलं आणि ती नाचायला लागली. खूप दिवसांनी आपल्या माणसांत आल्याचा आनंद तिच्या छातीत मावेना. मग तो आनंद छातीतून पाठीत गेला, पाठीतून मानेत, आणि तिला वाटलं की आपल्याला आतून कुणीतरी इस्त्री फिरवतंय. घाम थांबला. झेंडे दुरून दिसू लागले.

ती पडली तेव्हा गोवर्धननी आरडाओरडा केला नाही. खाणीत उष्म्यानं पडलेली माणसं त्यांनी उचलली होती. सरबताच्या गाडीवरची बर्फाची अख्खी लादी त्यांनी खाली घेतली, पोरीला तिच्यावर आडवी केली आणि अंगावर पाणी ओतत राहिले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोनवर डॉ. शेजवलकरांनी उत्पलाला सांगितलं, "थंडीत मज्जातंतू जे रसायन सोडतात, तेच भीतीत सोडतात, आनंदात, दुःखातही. शरीराकडे वेगवेगळी रसायनं नाहीत गं. बाकीच्यांत ते जाणवण्याएवढं होत नाही. तुझ्यात पेशी फार आहेत. लेहला ये, तिथं काही होणार नाही. पण उन्हाळ्यात चंद्रपूर नाही."

"एसीत राहिले तर?"

"खोलीला एसी लावशील. मनाला कुठून लावणार? आणि वीज गेली तर?"

खाटेशेजारी बसून गोवर्धन सगळं ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "म्हणजे थंडीत जगाले तू उन्हातलं जगणं देऊन आली."

"कायमचं नाही, बाबा. मोहिमेवरून आली की बंद करता येते."

"हौ?" ते म्हणाले, आणि तिच्या कपाळावरची ओली पट्टी उलटी केली.

बंद करता येते हे खरं होतं. ती कशी, हे तिला लडाखला परतल्यावर कळलं. डॉ. शेजवलकर तोवर सरोवराकाठच्या सरावाच्या तळावर येऊन राहिल्या होत्या. त्यांनी एक गोळी दाखवली. ती घेतली की ते रसायन पेशींपर्यंत पोचत नाही. पहिल्याच गोळीला चूल मंदावते आणि पेशी मरायला लागतात. एकदा मेलेल्या पेशी पुन्हा पेटत नाहीत. दुसऱ्यांदा टोचल्या तर शरीर त्यांना परकं समजून मारून टाकतं.

"म्हणजे ही गोळी घेऊन घरी जाता येईल," उत्पला म्हणाली.

"हो, बिनधोक. पण मग मोहीम नाही."

मे महिन्यात मित्राचं लग्न ठरलं होतं. मुलाला सुट्टी तेव्हाच होती, मंगल कार्यालयही तेव्हाचंच मिळालं होतं. गोवर्धननी फोनवर विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "काही उपाय नाही ना बेटा? एका दिवसासाठी?"

उत्पला तेव्हा तळाच्या भिंतीला टेकून उभी होती. समोर बाकीचे वाळूच्या पोत्यांनी भरलेल्या स्लेज ओढत सरोवराला फेरी घालत होते. या सगळ्यांची वर्षभराची मेहनत तिच्या दोन हातांवर उभी होती. असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं. आजवर कुठल्याच गोष्टीत कुणी म्हणालं नव्हतं की ही सगळ्यांत पुढे आहे. ते तिला सोडवत नव्हतं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "काहीच नाही. डॉक्टरांनी साफ मनाई केली."



"मग नोको येऊ," ते म्हणाले. "जीव पहिला."

लग्न तिनं पडद्यावर पाहिलं. त्रिसरण-पंचशील झालं, मित्रानं आणि तिच्या नवऱ्यानं हार घातले, आणि कुणीतरी फोन फिरवून सगळ्या पाहुण्यांना दाखवला. "ध्रुवावरची ताई, ध्रुवावरची ताई" म्हणत लहान मुलं हात हलवत होती. मित्रानं कॅमेऱ्याकडे एकदाच पाहिलं. उत्पलाच्या पाठीत इतकी आग झाली की ती बाहेर जाऊन बर्फात पडून राहिली. सहकाऱ्यांना वाटलं सराव करतेय.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तळाच्या फाटकाशी एक गाडी थांबली आणि तीतून माकडटोपी, मफलर आणि कुणाचा तरी ढगळ कोट घातलेले गोवर्धन खोब्रागडे उतरले. हातात पिशवी होती. तिच्यात लग्नातले बुंदीचे लाडू आणि चिवडा.

"तुले येता येत नाही," ते म्हणाले, "मले तर येता येते ना!"

ते आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते. नागपूरच्या पलीकडे ते फार तर एकदा दिल्लीला गेले असतील. उत्पला धावत गेली आणि त्यांना मिठी मारली.

"अरे बापा," ते म्हणाले, "तव्यावर बसल्यावानी वाटते."

स्तान्झिननं त्यांना हिंदीत विचारलं की लेहमध्ये किती मुक्काम केला. एवढ्या उंचीवर येण्याआधी खाली थांबून शरीराला सवय करावी लागते, हे तिनं त्यांना समजावून सांगितलं. "केला ना, चांगला केला," गोवर्धन म्हणाले. त्यांच्याकडे प्रकृती ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्रही होतं. लेहच्या विमानतळावरून ते जवळजवळ तसेच निघाले होते आणि प्रमाणपत्र देणारा डॉक्टर त्यांच्या ओळखीचा होता, हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तो पहिला दिवस फार चांगला गेला. सरोवराचा काठ सुटायला लागला होता, पण मधला बर्फ अजून पक्का होता. गोवर्धन खुर्ची टाकून काठावर बसले आणि पोरीला स्लेज ओढताना पाहत राहिले. ती वळून जवळ आली की ते म्हणायचे, "पाठ वाकवू नोको. कमरेतून वढ." स्तान्झिनला मराठी येत नव्हतं, पण ती मान डोलवायची, कारण तीही हेच सांगत आली होती. दुपारी त्यांनी नूडल्सचं गरम सूप भुरकलं आणि सगळ्यांना चिवडा वाटला. उत्पलानं त्यांचे गार पडलेले हात आपल्या हातांत घेतले.

"मित्रा रागावली असेल ना?" तिनं विचारलं.

"थोडी. उतरन."

"आणि तुम्ही?"

"मी कायले रागवू?" ते सरोवराकडे पाहत म्हणाले. "एवढ्या लोकायमंदी माही पोरगी पुढं हाय. खाणीत मी आयुष्यभर जमिनीच्या पोटात गेलो. तू पार पृथ्वीच्या टोकावर चालली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले ते डोकं धरूनच. चढून आल्यानं होतं असं, म्हणाले. जेवले नाहीत. दुपारी खोकल्याची उबळ आली ती थांबेचना आणि रुमालावर गुलाबी फेस दिसला. ओठ निळे पडत होते. डॉ. शेजवलकरांनी छातीला कान लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"यांच्या फुप्फुसांत आधीपासून काय आहे?"

"खोकला," उत्पला म्हणाली. "खाणीतला."

"हा खोकला नाही. फुप्फुसं कोळशाच्या धुळीनं दगड झालीत, आणि आता उंचीमुळे त्यांत पाणी भरतंय. आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं."

हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं, कारण सकाळपासून आभाळ भरून बर्फ पडत होता. त्यांनी गाडी काढली. पुढे चालक आणि स्तान्झिन, मागे आडवे गोवर्धन, प्राणवायूच्या नळकांड्यासह डॉक्टर आणि वडिलांचं डोकं मांडीवर घेतलेली उत्पला. खाली उतरण्याआधी वाटेत एक खिंड लागते. खिंडीच्या तोंडाशी रस्ता बर्फाखाली गेला होता. स्तान्झिन आणि चालक फावडी घेऊन उतरले. पलीकडून रस्ता साफ करणारं यंत्र निघालं आहे, असा निरोप आला.

गाडीत वाट पाहणं उरलं. गोवर्धनचे पाय थंडगार पडले होते. उत्पलानं त्यांचे मोजे काढून तळवे पोटाशी धरले, मग त्यांना उचलून छातीशी घेतलं आणि दोघांवर पांघरुणं ओढली. भीतीनं तिच्या पाठीतली चूल अशी पेटली की गाडीच्या काचांवरचा बर्फ वितळून ओघळू लागला. डॉक्टरांनी जॅकेट काढून ठेवलं. गोवर्धनचे हात गरम झाले, पाय गरम झाले, गालांवर रंगसुद्धा आला.

"डॉक्टर, बघा, गरम झालेत," उत्पला म्हणाली.

डॉ. शेजवलकरांनी मुखवटा त्यांच्या तोंडावर नीट बसवला. गरम होऊन उपयोग नव्हता. हवा आत जायला जागा उरली नव्हती.

गोवर्धननी मुखवटा थोडा बाजूला केला. "चांगलं वाटते," ते म्हणाले. "उन्हात बसल्यावानी."

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय," उत्पला म्हणाली. "लग्नाच्या वेळी... एक गोळी होती..."

त्यांनी हात वर केला आणि तिच्या तोंडावर ठेवला. "बोलू नोको," ते म्हणाले. "ऐकाले दम लागते."

ती गप्प झाली. पुढे गेल्यावर, खाली उतरल्यावर, दवाखान्यात सांगू, असं तिला वाटलं. बाहेर फावड्यांचा आवाज येत होता. तो मध्येच कधीतरी तिला ऐकू येईनासा झाला, कारण ती वडिलांचा श्वास ऐकत होती, आणि मग तोही येईनासा झाला. यंत्र आलं, रस्ता मोकळा झाला, स्तान्झिननं दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी हवा बाहेर आली. उत्पला अजून त्यांना तसंच धरून होती. तिच्या मिठीत ते बराच वेळ थंड झाले नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी सांगूनही तिला ते पटत नव्हतं.

लेहला कागदपत्रं झाली. पेटी नागपूरच्या विमानात चढवायची होती. चंद्रपूरला त्या दिवशी पारा पन्नाशीला टेकला होता.

स्तान्झिन तिच्याशेजारी येऊन बसली. हिंदीत, हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या बहिणीचा नवरा इथं येऊन त्यांना घेऊन जाऊ शकतो. मी बोलते त्याच्याशी. तू इथूनच निरोप दे. कुणी तुला नाव ठेवणार नाही."

"आणि मोहीम?"

"तुझ्याशिवाय अवघड आहे. मी खोटं नाही बोलणार."

उत्पलानं डॉ. शेजवलकरांसमोर हात पसरला. त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, क्षणभर थांबल्या आणि तिच्या हातावर ठेवली. लग्नासाठी जी घ्यायला हवी होती ती गोळी उत्पलानं विमानतळावरच्या नळाच्या पाण्याबरोबर गिळली. विमान ढगांवर जाईपर्यंत पाठीतली धग ओसरली होती आणि तिला थंडी वाजू लागली होती. कित्येक महिन्यांनी ती कुडकुडली. शेजारच्या प्रवाशानं तिला आपली शाल दिली.

चंद्रपूरला सगळं रीतसर झालं. ऊन असं होतं की माणसं झाडाखालून पुढे यायला तयार नव्हती. उत्पला उन्हातच उभी राहिली. तिला काहीच झालं नाही. घाम आला, सगळ्यांना येतो तसा.

माणसं पांगल्यावर मित्रा तिच्याजवळ बसली. लग्नातली मेंदी अजून तिच्या हातांवर फिकट होती. दोघी बहिणींत लग्नानंतर हे पहिलंच बोलणं.

"ताई, गोळीचं बाबांले माहीत होतं," मित्रा म्हणाली.

उत्पलानं मान वर केली.

"तू नाही म्हटल्यावर त्यांनी तुझ्या मॅडमले फोन केला. काही उपाय आहे का म्हणून. मॅडमनी सांगितलं, गोळी आहे, घेतली तर येता येते, पण मग मोहीम गेली."

"मॅडम मला बोलल्या नाहीत."

"बाबांनीच शपथ घातली. मले म्हणे, तिले विचारू नोको. तिनं गोळी घ्याले नाही म्हटलं तर मले वाईट वाटन, अन् हो म्हटलं तर त्याहून वाईट वाटन." मित्राचा आवाज चिरकला. "मी लय भांडली त्यांच्याशी. माहं लग्न होतं ना. मी म्हटलं, फोन लावा तिले आत्ता. तर म्हणे, लग्न झालं की मीच जातो तिच्याकडे, झालं ना मग?"

गाडीत त्यांनी आपल्या तोंडावर हात का ठेवला, ते उत्पलाला आता कळलं. आपण सांगून मोकळं होणार होतो, आणि त्यांनी आपल्याला ते सांगूही दिलं नाही, की आधी कधी विचारून सांगायला भागही पाडलं नाही. आपण तेव्हा नाही म्हणालो ते त्यांनी गपचूप स्वीकारलं होतं, आणि आपल्या वाट्याचं अंतर स्वतः चालून आले होते.

"तू त्यांना अडवायचं होतंस," ती शेवटी म्हणाली.

"तू त्यांना बोलवायला नको होतंस तिथं," मित्रा म्हणाली.

"मी नव्हतं बोलावलं."

"तेच तर. ते कोणाचं ऐकत होते?" मित्रा म्हणाली, आणि दोघी एकदमच रडायला लागल्या.

उत्पला पुन्हा जंगलात रुजू झाली. तुकडीत तिच्या जागी राखीव माणूस गेला. पुढच्या वर्षी, अंटार्क्टिकात सूर्य मावळायच्या सुमाराला, डॉ. शेजवलकर काही कामासाठी नागपूरला आल्या आणि त्यांनी उत्पलाला तपासणीसाठी बोलावून घेतलं. पडद्यावर तिच्या पाठीचं चित्र उमटलं. सगळीकडे करडा रंग होता. फक्त दोन खांद्यांच्या मधोमध एक छोटा ठिपका उजळ होता.

"एवढ्या गोळ्या घेऊनही हे राहिलं," डॉक्टर म्हणाल्या. "काही जाणवतं?"

"एरवी नाही. बाबांचा विषय निघाला की पेटतं."

डॉक्टर पडद्याकडेच पाहत होत्या. "मी त्यांना तपासायला हवं होतं, ते गाडीतून उतरले त्याच क्षणी. कागद पाहून मी गप्प बसले." मग त्या म्हणाल्या, "हे काढता येईल. छोटं काम आहे, भूलसुद्धा पूर्ण द्यावी लागणार नाही."

उत्पलानं शर्टाची बटणं लावली. "राहू द्या," ती म्हणाली.

मोहीम फत्ते झाली. त्यासाठी अपेक्षेपेक्षा खूप जास्त काळ लागला, एकाची दोन बोटं गेली, पण सगळे जिवंत पोचले. ध्रुवावरून स्तान्झिनचा फोन आला तेव्हा उत्पला घरी होती. आवाज मध्येमध्ये तुटत होता. "यंत्रं सगळी बसली," स्तान्झिन सांगत होती, "पण शेवटच्या ठिकाणी दोन दिवस गेले. तू असतीस तर..." पुढचं ऐकू आलं नाही. उत्पलानं मनापासून अभिनंदन केलं, सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली. फोन ठेवल्यावर ती पाठ ताठ करून बसली आणि वाट पाहू लागली. तिला वाटलं होतं, आता तरी पेटेल, हेव्यानं किंवा दुःखानं. काहीच झालं नाही. ती सगळी गोष्ट दुसऱ्या कुणाची असल्यासारखी दूर राहिली.

मित्रा माहेरी आली होती. स्वयंपाकघरातून तिनं विचारलं, "पोचले का गं ते?"

"पोचले."

मित्रा पदराला हात पुशीत दारात आली. "बाबा असते," ती म्हणाली, "तर आज सगळ्या गल्लीले चहा पाजला असता."

उत्पला हो म्हणाली. मग ती उठली, मागच्या अंगणात गेली, नळाखाली पाठ करून बसली आणि तोटी पूर्ण सोडली.